बल, नेतृत्व आणि सेवा
(विद्यार्थिजीवनातील युक्ततेचा विचार)

पहाटेच्या अंधारात मैदानावर धावण्यास गेलेला मुलगा आठाच्या सुमारास घरी येतो, दोन घास कसेबसे गिळतो आणि महाविद्यालयाची वाट धरतो. दुपारी विद्यार्थी-मंडळाची बैठक असते, सायंकाळी पुन्हा सराव असतो, आणि रविवार उजाडला की शेजारच्या खेड्यात श्रमदानासाठी जावयाचे असते. रात्री पुस्तक उघडावे तो डोळे मिटू लागतात. आईला त्याच्या जेवणाची चिंता, वडिलांना परीक्षेची चिंता. शेजारीपाजारी मात्र कौतुक करतात, की मुलगा खेळातही पुढे, पुढारीपणातही पुढे आणि परोपकारातही पुढे. त्या मुलाला एकांतात विचारले, तर तो म्हणतो, ‘तिन्ही ठिकाणी मी आहे, पण कोठेच पुरता नाही.’

अशी स्थिती आज अनेक सद्गृहस्थांच्या घरी दिसते. मुलांची दिसते तशीच मुलींचीही दिसते. यावर कोणी म्हणतात, खेळ सोडा. कोणी म्हणतात, पुढारीपण सोडा. कोणी म्हणतात, सेवा म्हातारपणी करता येईल. या तिन्ही गोष्टी चांगल्या असताना त्यांच्या एकत्र येण्याने मनाला क्लेश का व्हावेत, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो विचार श्रीमद्भगवद्गीतेच्या प्रकाशात करण्याजोगा आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की गीतेचा श्रोता अरण्यात बसलेला कोणी वृद्ध तपस्वी नव्हता. तो बाहूंत बळ असलेला, गुरुगृही वर्षानुवर्षे अभ्यास केलेला धनुर्धर होता. महाभारताच्या आदिपर्वात त्याच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग आला आहे. एका रात्री तो जेवीत असता वाऱ्याने दिवा विझला. तरी हात मुखाची वाट चुकला नाही. अभ्यासाने हाताला अंधारातही मार्ग सापडतो, हे त्याने त्या घासावरून ओळखले आणि तेव्हापासून तो रात्रीही बाण सोडण्याचा सराव करू लागला. असा निष्ठावंत अभ्यासी! परंतु कुरुक्षेत्रावर दोन्ही सेनांच्या मध्ये उभा राहताच त्याच अर्जुनाच्या हातून गांडीव गळू लागले. हात तेच होते, धनुष्य तेच होते, अभ्यासही तोच होता. उणीव कौशल्याची नव्हती. या क्षणी आपले कर्तव्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर कौशल्य देऊ शकले नाही. ते उत्तर देण्यासाठीच भगवंतांनी मुख उघडले. म्हणून मैदानावर निपुण झालेल्या, परंतु जीवनाच्या मैदानावर गोंधळलेल्या प्रत्येक तरुणाने गीता आपल्यासाठीच सांगितली आहे असे समजावे.

युक्तता म्हणजे काय?

सहाव्या अध्यायात भगवान सांगतात, की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. अति झोपणाऱ्याला साधत नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचा आहार, विहार, चेष्टा, निद्रा आणि जागरण युक्त असते, त्याचाच योग दुःखाचा नाश करतो. येथे ‘युक्त’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. युक्त म्हणजे समसमान वाटून दिलेले नव्हे. दिवसाच्या चोवीस तासांचे तीन सारखे भाग करून एक खेळाला, एक नेतृत्वाला आणि एक सेवेला दिला, तर ते गणित होईल. युक्तता होणार नाही. स्वयंपाक करणारी गृहिणी पीठ आणि मीठ समभाग घेत नाही. प्रत्येक पदार्थाचे प्रमाण भाजी-भाकरी ज्याच्यासाठी करावयाची त्याच्याकडे पाहून ठरते. त्याप्रमाणे जीवनातील कर्मांचे प्रमाण त्या कर्मांच्या अंतिम प्रयोजनावरून ठरते.

यास्तव खरा प्रश्न ‘किती वेळ?’ असा नसून ‘कशासाठी?’ असा आहे. बल कशासाठी मिळवावयाचे? नेतृत्व कशासाठी स्वीकारावयाचे? सेवा कशासाठी करावयाची? या तिहींचे प्रयोजन निरनिराळे असेल, तर मन तिन्हीकडे ओढले जाऊन फाटेल. प्रयोजन एकच असेल, तर तीन कर्मे एकाच वृक्षाच्या मूळ, खोड आणि फळाप्रमाणे परस्परांस पोषक होतील.

बल : मिळालेली ठेव

शरीरबळाविषयी दोन भ्रम प्रचलित आहेत. पहिला भ्रम असा, की धार्मिक मनुष्याला खेळ आणि व्यायाम यांच्याशी काय कर्तव्य! स्वामी विवेकानंदांनी इ. स. १८९७ मध्ये मद्रास येथील व्याख्यानात या भ्रमावर मोठा आघात केला. गीतेच्या अध्ययनापेक्षा फुटबॉलच्या द्वारे तरुण स्वर्गाच्या अधिक जवळ जातील, अशा आशयाचे त्यांचे उद्गार सर्वत्र सांगितले जातात. तथापि पुष्कळ लोक एवढेच सांगून थांबतात. दंड थोडे बळकट झाले म्हणजे गीता अधिक चांगली समजेल, हे त्याच विवेचनातील पुढचे तात्पर्य ते विसरतात. स्वामीजींनी गीता टाकून खेळ घ्या असे सुचविले नव्हते. दुर्बलाच्या हाती गीता निष्फळ होते, म्हणून गीतेसाठी बळ मिळवा, असा त्यांचा अभिप्राय होता.

अठराव्या अध्यायात जे सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असते त्याला सात्त्विक म्हटले आहे. पहाटे अंथरूण सोडणे, थंडीत धावणे, थकल्यावरही नियमाने सराव करणे, जिभेचे लाड न पुरविणे, हे सर्व आरंभी कडूच लागते. जो तरुण हे कडूपण हसतमुखाने स्वीकारतो, त्याच्या हातून नकळत तपाचा पहिला पाठ गिरविला जातो.

दुसरा भ्रम याच्या उलट आहे. बळ आले म्हणजे सर्व आले, असे त्याचे स्वरूप. द्रोणाचार्यांनी शिष्यांची विद्या लोकांना दाखविण्यासाठी हस्तिनापुरात रंगभूमी उभारली, तो प्रसंग या दृष्टीने मननीय आहे. आजच्या भाषेत तो त्या गुरुकुलाचा क्रीडामहोत्सवच होता. भीम आणि दुर्योधन गदा घेऊन उतरले. केवळ कौशल्य दाखवावयाचे होते; परंतु प्रेक्षकांत दोन तट पडले, आरोळ्या उठल्या, आणि खेळाचे युद्ध होते की काय असे वाटून आचार्यांना अश्वत्थाम्याकरवी दोघांना आवरावे लागले. पुढे याच दुर्योधनाने भीमाची लोखंडी प्रतिमा करून तिच्यावर तेरा वर्षे गदेचा अभ्यास केला, असे महाभारत सांगते. तेरा वर्षांचा अखंड सराव! परिश्रमाच्या दृष्टीने तो कोणाहून उणा नव्हता. परंतु त्या सरावाच्या प्रत्येक आघातामागे मत्सर होता, आणि म्हणून त्या बळाने त्याचे कुळ तारले नाही. अर्जुनाने अंधारात लक्ष्याचा अभ्यास केला, दुर्योधनाने वैराचा अभ्यास केला. मैदानावर उतरणाऱ्या तरुणाने रात्री झोपण्यापूर्वी मनास विचारावे, ‘आज मी कशाचा अभ्यास केला?’

नेतृत्व : आचरणाचे ओझे

ज्याच्या अंगी बळ आणि यश दिसते, त्याच्यामागे समवयस्क मुले आपोआप चालू लागतात. संघाचा नायक, वर्गाचा प्रतिनिधी, विद्यार्थी-मंडळाचा कार्यवाह अशी पदे त्याच्याकडे चालत येतात. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी याविषयी सावध केले आहे. श्रेष्ठ पुरुष जसे वागतो तसे इतर लोक वागतात. तो जे प्रमाण मानतो त्याचेच अनुकरण होते. याचा अर्थ असा, की नायक झालेल्या विद्यार्थ्याचे कोणतेही कर्म यापुढे त्याचे एकट्याचे राहत नाही. तो पंचाशी उर्मटपणे बोलला, तर संघातील अकरा मुले उर्मटपणा शिकतील. पराभवानंतर त्याने प्रतिपक्षाच्या नायकाचा हात प्रेमाने हाती घेतला, तर तीच अकरा मुले पराभव पचविण्यास शिकतील. परीक्षेत त्याने कॉपी केली, तर कनिष्ठ विद्यार्थ्यांना पाप करण्याची अनुज्ञा मिळाल्यासारखे होईल. पद म्हणजे मान असे जो समजतो त्याला ते गोड लागते. पद म्हणजे दुसऱ्यांच्या आचरणाचे ओझे असे जो समजतो तोच त्याला पात्र असतो.

धर्मराजाच्या राजसूय यज्ञात प्रत्येकाने एकेक काम उचलले. तेव्हा ज्यांची अग्रपूजा व्हावयाची होती त्या श्रीकृष्णांनी आपणाकडे कोणते काम घेतले? आलेल्या ब्राह्मणांचे पाय धुण्याचे. पुढे युद्धात अर्जुनाने त्यांना निवडले, तेव्हा त्यांनी शस्त्र न धरता घोड्यांचे लगाम धरले. नेतृत्वाचा याहून स्पष्ट धडा कोणता? विद्यार्थी-मंडळाचा अध्यक्ष सभा संपल्यावर खुर्च्या उचलून ठेवतो काय, संघाचा नायक सरावानंतर चेंडू आणि जाळी स्वतः गोळा करतो काय, यावरून त्याचे नेतृत्व ओळखावे. हारतुऱ्यांवरून ओळखू नये.

सात्त्विक कर्त्याचे लक्षण सांगताना भगवान म्हणतात, की तो आसक्तिरहित असतो, अहंकाराचे बोल बोलत नाही, धैर्य आणि उत्साह यांनी भरलेला असतो, आणि सिद्धी-असिद्धी यांनी विकार पावत नाही. एखाद्या उत्तम संघनायकाचे वर्णन करावयाचे झाले तर यापेक्षा निराळे शब्द शोधावे लागणार नाहीत. येथे उत्साह आणि अनासक्ती ही दोन्ही एकत्र सांगितली आहेत, हे विशेष लक्षात ठेवावे. अनासक्तीच्या नावाखाली जो ढिलेपणा करतो तो गीतेच्या दृष्टीने तामस ठरतो. आणि उत्साहाच्या नावाखाली जो विजयाने फुगतो व पराजयाने कोसळतो तो राजस ठरतो.

सेवा : ऋणाची परतफेड

आता तिसरे अंग जे समाजकार्य, त्याकडे वळू या. पुष्कळ विद्यार्थी सेवा ही आपल्या मोठेपणाने समाजावर केलेली कृपा समजतात. गीतेचा विचार याच्या नेमका उलट आहे. तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचा बोध असा, की जो मिळालेल्या भोगांतून काही परत न देता एकट्याने उपभोग घेतो, तो चोर होय. शब्द कठोर आहे, पण सत्य आहे. खेळाडूने क्षणभर विचार करावा. ज्या मैदानावर तो धावतो ते कोणाच्या पैशाने राखले गेले? त्याच्या अंगातील बळ ज्या अन्नातून आले ते कोणी पिकविले? पहाटे उठून त्याला शिकविणाऱ्या गुरुजींनी आपली किती झोप त्याच्यासाठी सोडली? त्याचे पदक त्याच्या गळ्यात असते, परंतु त्याच्या मागे शेकडो हात असतात.

महाराष्ट्रातील एका मल्लाचे चरित्र याचे जिवंत उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर या लहानशा गावी इ. स. १९२६ मध्ये जन्मलेले खाशाबा जाधव शालेय वयापासून कुस्तीत रमले. सन १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामी त्या कोवळ्या वयातही त्यांनी साह्य केले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. सन १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हा प्रवासास पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. आणि ज्या कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, त्याचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक स्पर्धेत मिळविलेले ते पहिले पदक होय; त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक येण्यास ४४ वर्षे जावी लागली.

परंतु या कथेतील सर्वांत उज्ज्वल भाग पदकाच्या नंतरचा आहे. शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने गावाने त्यांचे स्वागत केले. त्या जयघोषात दुसरा कोणी स्वतःला विसरला असता. खाशाबांना गहाण पडलेल्या घराचे विस्मरण झाले नाही. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, त्यांतून धन मिळविले आणि ते प्राचार्यांच्या घराच्या सोडवणुकीसाठी दिले. ज्या बळासाठी दुसऱ्याने आपले छप्पर पणाला लावले, तेच बळ ते छप्पर सोडविण्यासाठी खर्ची पडले. यज्ञचक्र यालाच म्हणतात. पुढे इ. स. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात रुजू झाले, आणि १९८४ मध्ये अपघातात त्यांचे देहावसान झाले. जिवंतपणी त्यांना शासनाकडून जो मान मिळावयास हवा होता तो मिळाला नाही. अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर जाहीर झाला. फळाची वाट न पाहता कर्म करणे म्हणजे काय, हे अशा जीवनावरून समजते.

प्रत्येकाला एवढी मोठी परतफेड करावी लागत नाही. आपल्या देशात २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ‘राष्ट्रीय सेवा योजना’ सुरू झाली. तिच्या नियमाप्रमाणे स्वयंसेवक विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजकार्यास द्यावयाचे असतात. हा आकडा ऐकून पालक घाबरतात. परंतु हिशेब केला तर तो दिवसाला अवघ्या वीस मिनिटांचा होतो. जेवढा वेळ मित्रांशी निरर्थक बोलण्यात किंवा हातातील मोबाइलवर चित्रे पाहण्यात सहज निघून जातो, त्याहून हा अधिक नाही. वेळ अपुरा पडतो असे म्हणणाऱ्याने आधी हा हिशेब करून पाहावा.

तिन्ही एकाच वेळी समोर उभी राहिली तर?

येथवरचा विचार बहुतेकांना पटेल. परंतु खरी परीक्षा निराळीच असते. ज्या दिवशी अंतिम सामना, त्याच दिवशी शिबिर आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी परीक्षा असते, त्या दिवशी काय करावे? येथे एक गोष्ट निर्भयपणे मान्य केली पाहिजे. कधी कधी काहीतरी गमवावेच लागते. युक्ततेचा मार्ग म्हणजे काहीही न गमावण्याची युक्ती, अशी ज्यांची समजूत असते ते अखेर सर्वच गमावतात.

छोटानागपूरच्या मुंडा समाजात इ. स. १९०३ मध्ये जन्मलेले जयपालसिंग मुंडा ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात शिकत होते. अध्ययनात ते चांगले होते आणि हॉकीत विद्यापीठाचा सन्मान त्यांनी मिळविला होता. पुढे इंडियन सिव्हिल सर्व्हिससाठी त्यांची निवड झाली. त्या काळी भारतीय तरुणाला याहून मोठी नोकरी नव्हती. ती उमेदवारी चालू असतानाच १९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे नायकपद त्यांच्याकडे आले. त्यांनी रजा मागितली. ती नाकारली गेली. तरीही ते अॅम्स्टरडॅमला गेले. परत आल्यावर त्यांना उमेदवारीचे आणखी एक वर्ष भरण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी ती सेवाच सोडली.

नोकरीपेक्षा खेळ श्रेष्ठ, असा याचा अर्थ कोणी काढू नये. दुसऱ्या तरुणाचे कर्तव्य उलटही असू शकेल. बोध असा आहे, की ज्याला त्यांनी त्या वेळचे आपले कर्तव्य मानले त्याची किंमत त्यांनी स्वतः भरली. ती दुसऱ्यावर ढकलली नाही. त्याच स्पर्धेत आणखीही एक बोध आहे. अंतिम सामन्यात नायक जयपालसिंग खेळले नाहीत, तरी भारतीय संघाने तो सामना जिंकला. संपूर्ण स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. आपल्यावाचून चालणार नाही, हा प्रत्येक नायकाचा आवडता भ्रम असतो. ज्याने संघ नीट बांधला त्याच्यावाचून संघ चालतो, आणि तेच त्याच्या नेतृत्वाचे यश होय.

आणि बळाचे पुढे काय झाले? १९३९ मध्ये जयपालसिंग आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले. पुढे संविधानसभेत बसून त्यांनी आपल्या वननिवासी बांधवांची बाजू निर्भयपणे मांडली. मैदानावर मिळालेले धैर्य अखेर मुक्या समाजाची वाणी झाले.

अर्जुनाने सहाव्या अध्यायात भगवंतांना एक फार करुण प्रश्न विचारला आहे. प्रयत्न करूनही ज्याला पूर्ण सिद्धी मिळाली नाही, तो दोन्हीकडून भ्रष्ट होऊन फुटलेल्या ढगासारखा नाश तर पावत नाही ना? तिन्हीकडे धावणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात हीच भीती असते. भगवंतांनी मोठ्या वात्सल्याने अर्जुनाला ‘बाळा’ असे संबोधून उत्तर दिले, की कल्याण करणारा कोणीही दुर्गतीला जात नाही. सामना हरला, निवडणूक हुकली, गुण दोन कमी पडले. परंतु शुद्ध हेतूने केलेला अभ्यास अंतःकरणात जमा राहतो.

काही शंका आणि त्यांचे समाधान

शंका : या सर्वांत अभ्यासाचे स्थान कोणते?
समाधान : विद्यार्थ्याचा स्वधर्म अध्ययन हाच आहे, याविषयी संदेह नसावा. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन जे शुल्क भरले ते अध्ययनासाठी होय. खेळ, नेतृत्व आणि सेवा या स्वधर्माचा विस्तार आहेत, त्याचा पर्याय नव्हेत. पुस्तकाचा कंटाळा आला म्हणून जो मैदानावर पळतो, त्याचा तो त्याग राजस समजावा. कारण तो क्लेशाच्या भीतीने केलेला असतो.

शंका : सेवेचे प्रमाणपत्र नोकरीला उपयोगी पडते म्हणून सेवा केली तर काय बिघडले?
समाधान : ज्या आजारी म्हाताऱ्याला पाणी मिळाले त्याचे काही बिघडले नाही, देणाऱ्याचे बिघडले. परतफेडीची आशा धरून दिलेले दान गीतेने राजस मानले आहे. तथापि आरंभ तसा झाला म्हणून सेवा सोडू नये. करता करता हेतू शुद्ध करीत जावे. प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही जो एकदा तरी त्या वस्तीत जातो, त्याची सेवा खरी होऊ लागली असे समजावे.

शंका : उत्साही तरुणाने विश्रांती घेणे हा आळस नव्हे काय?
समाधान : जयद्रथवधाच्या दिवसाचे स्मरण करावे. सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञा पूर्ण झाली नाही तर अर्जुनाला अग्निप्रवेश करावयाचा होता. एकेक क्षण मोलाचा होता. तरीही घोडे बाणांनी जखमी आणि तहानेने व्याकूळ झालेले दिसताच रथ थांबविण्यात आला. अर्जुन पायउतार होऊन शत्रूंना थोपवीत राहिला, त्याने बाणाने भूमी भेदून पाणी काढले, आणि साक्षात भगवंतांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले, आणि मगच रथ पुढे हाकला. त्या दिवशी जर घोड्यांना विश्रांती देणे धर्म होते, तर रोजच्या सरावात देहरूपी घोड्यांना वेळेवर अन्न आणि निद्रा देणे हा आळस कसा होईल?

विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी आचरणाचे नियम

१. सूर्योदयापूर्वी उठावे, परंतु त्यासाठी रात्री वेळेवर निजावे. रात्री जागून पहाटे उठणे ही तपश्चर्या नसून देहाला पीडा देणे आहे.

२. आठवड्याच्या आरंभी करावयाची कामे कागदावर लिहावीत, आणि प्रत्येकापुढे ‘हे माझ्यावाचून दुसरा कोणी करू शकेल काय?’ हे लिहावे. जे दुसरा करू शकेल ते आनंदाने त्याच्या हाती द्यावे. त्यामुळे आपला भार हलका होतो आणि दुसरा मोठा होतो.

३. एका वेळी एकच पद स्वीकारावे. दोन पदांचा मोह झाला, तर ज्यात नाव कमी आणि काम अधिक ते घ्यावे.

४. मैदानावर असताना मैदानाचेच, वर्गात असताना वर्गाचेच चिंतन करावे. अर्धे मन येथे आणि अर्धे तेथे ठेवणे हेच थकव्याचे मूळ आहे.

५. सेवेचा आरंभ घरापासून करावा. खेड्यात जाऊन रस्ता झाडणाऱ्या मुलाने घरी आईच्या हातातील पाण्याची कळशी घेतली नाही, तर त्याची सेवा दंभ ठरेल.

६. पालकांनी मुलाला सामन्यानंतर ‘जिंकलास काय?’ असे विचारण्याआधी ‘कसा खेळलास?’ असे विचारावे. फळाची आसक्ती मुले बहुधा घरातूनच शिकतात.

७. मुलीला खेळासाठी आणि नेतृत्वासाठी मुलाइतकीच मोकळीक द्यावी. बळ ही ईश्वराची ठेव आहे; ती कोणाच्या देहात ठेवावी हे ठरविणारा तो आहे.

८. निजताना दिवसातील बळ, यश आणि सेवा भगवंताच्या चरणी अर्पण करावी. जे झाले नाही त्याबद्दल रडू नये, जे झाले त्याचा गर्व करू नये.

सारांश, ही तीन निरनिराळी कर्मे नसून एकाच कर्माचे तीन क्षण आहेत. जे समाजाकडून आणि ईश्वराकडून मिळाले ते बल. ते विश्वासाने सांभाळले ते नेतृत्व. आणि ते ज्याचे त्याला परत दिले ती सेवा. मिळणे, सांभाळणे आणि परत देणे, एवढेच हे चक्र आहे. ते ज्याच्या जीवनात अखंड फिरते त्याचे मन तीन दिशांना ओढले जात नाही. कारण त्याला दिशा एकच उरलेली असते.

तो मुलगा उद्या पुन्हा पहाटे मैदानावर जाईल. आईने त्याला अडवू नये. जाताना डोक्यावरून हात फिरवून एवढेच सांगावे, ‘बाळ, जेथे जाशील तेथे पुरता जा, आणि जे मिळवशील ते वाटून ये.’ त्याच्या रथाचे लगाम ज्याच्या हाती आहेत तो सारथी घोडे केव्हा दौडवावेत आणि केव्हा सोडावेत हे पूर्णपणे जाणतो. आपण केवळ रथात बसण्याचा आणि त्याचे ऐकण्याचा निश्चय करावा.